बायांना उभं ठेवणाऱ्या लाइनीतलं मी एक स्टूल

मी स्टूल बोलतोय. मला चार पाय, त्यातला एक आखूड. कुणी बसलं की मी डुलतो. मुद्दाम डुलतो! म्हाताऱ्याला एवढी मस्करी तरी करू द्या.

जन्म चिकलठाण्याच्या एमआयडीसीत. रामकिसन वेल्डरनं भंगारातले पाइप जोडले, वर खोक्याची फळी ठोकली. एक खिळा अर्धाच ठोकला. त्यानं मी किती पँटी फाडल्या, विचारू नका. सगळ्यात जास्त सुपरवायझर इंद्रजीतच्या, जाता-येता.

रामकिसननं मला बनवलं बानाबाईसाठी. ती पॅकिंग लाइनवर, ठेकेदाराकडून आलेली. पाळीभर उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा वडाच्या मुळ्यांसारख्या फुगलेल्या. पण लाइनवर बसायला बंदी! "बसलं की हात मंदावतो, मावशी," इंद्रजीत सांगायचा. खुर्चीत बसून सांगायचा. त्यानं मला भिंतीकडं ढकललं आन् माझ्या डोक्यावर डिंकाची बादली ठेवली.

कंपनीत तक्रार समिती होती, बरं का. मीटिंग एसी केबिनमध्ये, गोल फिरणाऱ्या खुर्च्यांत. ठेक्याच्या बायांना तिथं जागा नाही. काम करताना हात कंपनीचे, दुखताना पाय ठेकेदाराचे!

एक दिवस समितीचे मोठे साहेब, शिवराजसाहेब, लाइनवर फिरत आले. बानाबाईनं हात न थांबवता हाक मारली, "साहेब, आमची तक्रार केबिनीत मावत नाय. हितंच मीटिंग घ्या. आमच्यासंगं, उभ्यानं."

"घेऊ की! पाच मिनिटांचं काम."

कसली पाच मिनिटं! एकेक बाई बोलायला लागली. पारूबाईला रात्री पायाखाली उशी लागायची. सुकेशनीला सहावा महिना. साहेब आधी या पायावर, मग त्या पायावर. इंद्रजीत तर कधीच खांबाला टेकलेला. शेवटी ऐकता ऐकता साहेबांनी बादली खाली ठेवली आन् माझ्यावर टेकले.

 मग बानाबाई म्हणाली, "साहेब, आता कान मंदावले का हो?"

शेड हसून दणाणली. खिळा टोचायची मला लई हुक्की आली, पण आवरली. उठले असते ना साहेब!

साहेब लाजले, पण बसूनच राहिले. "उद्यापासून बसा. मी सांगतो ना."

"आन् तुमची बदली झाल्यावर?" बानाबाई म्हणाली. "नियमात लिहा. समितीत आमची बाई घ्या. ती आम्हीच निवडू."

"आधी बसा तर, मावशी!" इंद्रजीत कळवळला.

"लिहिल्याबिगर नाय."

नवी स्टुलं आली, तरी एकही बाई बसली नाही. माल बघायला बाहेरचे पाहुणे यायचे आन् विचारायचे, "स्टुलं रिकामी, बाया उभ्या, हे काय?" इंद्रजीत पंख्याकडं बघायचा.

अखेर नियम लिहिला गेला. सही-शिक्क्यासकट फळ्यावर लागला. बायांनी समितीवर बानाबाईला निवडलं. मग ती माझ्यावर बसली आन् तिनं असा श्वास सोडला, की मी डुलायचंच विसरलो.

शेजारच्या शेडमध्ये मात्र बाया अजून उभ्याच आहेत. तिथल्या साहेबांनो, या म्हाताऱ्याचं एवढं ऐका: एक पाळी त्यांच्यासंगं उभ्यानं काढा, आन् मगच नियम लिहायला बसा.