पाचवं कडवं

खडूचा तुकडा बोटांत मावेनासा झाला होता, तरी तो दुसरा घेत नव्हता; गुरू, लघु, गुरू, लघु — ओळीवर खुणा करत फळ्याच्या टोकापर्यंत गेला आणि थांबला, कारण पुढे भिंत होती... सकाळी मुलगी म्हणाली होती, "बाबा, सैन्यात निवड झाली माझी. पुढच्या महिन्यात जायचंय." आणि तो, आयुष्यभर शब्दांवर पोट भरणारा इंग्रजीचा प्राध्यापक, म्हणाला होता, "चहा निवतोय तुझा."

"ही पावलांची लय," तो वर्गाकडे वळला. "डावा, उजवा. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला कवी. त्याला पायदळ दाखवायचं नाहीये, ऐकवायचंय."

पूर आलेल्या नदीत एक तुकडी उतरते, पलीकडच्या काठावर तोफा. सहा कडवी, प्रत्येक आधीच्यापेक्षा एका ओळीनं लहान. माणसं कमी होतात तशी कविताही आखडत जाते — हे वाक्य तो दर वर्षी इथेच म्हणायचा आणि दर वर्षी ते त्याला आवडायचं. आज मात्र वाटलं, आपण कुणाच्या तरी दारावरच्या नक्षीचं कौतुक करत उभे आहोत आणि आत रडारड चाललीय.

"सर," खिडकीपाशी बसणाऱ्या विद्यार्थिनीनं विचारलं, "इथे नुसतं 'हुकूम आला' म्हटलंय. पण दिला कुणी?"

"कर्ता गाळलाय. पाऊस आला, ताप आला, तसा हुकूम आला. आता जाब विचारणार कुणाला?"

वर्ग हसला. तो हसला नाही. कर्ता... सात पिढ्यांत घरातलं कुणी सैन्यात गेलं नव्हतं. पण ही कविता घरात होती. मुलगी लहान असताना तापानं फणफणली की तो हीच म्हणायचा, आपल्या भाषेत जुळवून, गादीवर बोटांनी ताल धरत, आणि बरी झाली की ती डोक्यावर पातेलं घालून ओट्यापासून दारापर्यंत चालायची, डावा, उजवा, आणि बायको म्हणायची, "सेनापती, पातेलं द्या, दूध तापवायचंय."

पाचवं कडवं मात्र त्यानं तिला कधी ऐकवलं नाही. पाचव्यात पाण्याबाहेर आलेले हात होते, आणि एक ओळ, जिचं यमक कशाशीच जुळत नाही. लेकराला कशाला? चौथं संपलं की तो थेट सहाव्यावर, पलीकडच्या झेंड्यावर उडी मारायचा. म्हणजे माझ्या मुलीनं ऐकलेल्या कवितेत कुणी बुडालंच नाही... म्हणजे तिला आलेल्या हुकमाचा गाळलेला कर्ता मीच.

त्यानं पुस्तक उघडलं आणि पाचवं कडवं वाचलं — ताल न धरता, कुणाला निरोप सांगावा तसं. वर्गात लिहिणारे हात थांबले. समजावून न सांगताच त्यानं पुस्तक मिटलं.

तास संपल्यावर व्हरांड्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, रागावलात?"

"नाही गं. ऐक... तुला ताप आला की म्हणायचो ना, ती कविता. तिच्यात आणखी एक कडवं आहे."

पलीकडे रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या. मग ती आईसारखी, नाकातल्या नाकात हसली. "पाचवं ना? शाळेत असतानाच वाचलं मी. तुमच्या कपाटातलं पुस्तक काढून."

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही एवढं जपून गाळलं होतंत. म्हटलं, असू दे."

"आणि तरीही..."

"तरीही. आणि बाबा, मला पोहता येतं."

त्याला हसू आलं. फोन ठेवल्यावर तो कठड्याला टेकला. खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण दोष आपला असता तर तो दुरुस्त करायची काहीतरी वाट असती — चूक झाली, माघारी ये, असं म्हणता आलं असतं. आता तेही हातचं गेलं. सगळं वाचून, सगळं ठाऊक असून ती निघाली होती, आणि वर इतकी वर्षं बापाची समजूत तिनेच सांभाळली होती. आपण वाढवलेली ही मुलगी नेमकी कोण, हे त्याला सांगता येईना. भीती होतीच, जागची हलली नव्हती, पण तिच्या शेजारी आता एक कुतूहलही येऊन बसलं होतं, अनोळखी माणसाशी बोलायला जाताना वाटतं तसं. संध्याकाळी घरी गेल्यावर तिला काय विचारायचं, ते सुचत नव्हतं. विचारायचं मात्र होतं.