म्हैसूरपर्यंत साडेबासष्ट मिनिटे

मित्रांनो, माझा काटा आजही चुकत नाही, हे मी अभिमानाने सांगतो. मी एक जुने खिशातले घड्याळ. घडलो दूरदेशी, पण माझे नाव झाले ते म्हैसुरात.

महाराजांच्या घोडदळातल्या रणोजीरावांनी मला विकत घेतले. पुढे त्यांचा मुलगा खंडोजीराव विमान चालवायला शिकला, तेव्हा त्यांनी मला त्याच्या हाती दिले. दोन आसनांचे ते छोटे विमान म्हैसूर आणि बंगळुरू या दोन विमानतळांमध्ये ये-जा करी. हवेतून अंतर ऐंशी मैल, वेळ पन्नास मिनिटे.

१९४१ च्या आषाढात म्हैसुरात तुळसी नावाच्या सात वर्षांच्या मुलीला घटसर्प झाला. तिचा श्वास कोंडू लागला. औषध होते बंगळुरूला. आगगाडीने ते यायला संध्याकाळ झाली असती आणि डॉक्टरांनी तर दुपारपर्यंतचीच मुदत दिली होती. खंडोजीराव सकाळीच नर्स विशालाक्षीबाईंना घेऊन उडाले. औषध मिळाले, पण परतताना खाली ढग दाटले. ज्याच्या आधाराने रोज वाट धरायची, तो रेल्वेचा रूळ दिसेना.

"बाई, हे घड्याळ धरा. मिनिटं मोठ्यानं सांगत राहा," खंडोजीराव म्हणाले.

वाटेत एकदाच ढग फाटले. खाली मद्दूर स्टेशन दिसले.

"किती झाली?"

"पस्तीस."

"रोज मद्दूर अठ्ठावीस मिनिटांत येतं. वारा समोरून आहे. म्हणजे आज पन्नास नाही, साडेबासष्ट लागणार."

ढग पुन्हा मिटले. पन्नासावे मिनिट होताच बाईंना राहवेना.

"पन्नास झाली की हो! अय्यो, ती पोर तिकडं तळमळतेय. उतरा ना खाली!"

"आत्ता उतरलो तर ढगात चामुंडीचा डोंगर आडवा येईल. विमानतळ त्याच्या पलीकडं आहे, बाई."

"आणि हे घड्याळच मागं पडलं असलं तर?"

"ते मागं पडत नाही."

बाईंनी माझ्या काचेवर टिचकी मारून पाहिली. मी मात्र जराही डगमगलो नाही. एकसष्ट. बासष्ट. "साडेबासष्ट!" बाई ओरडल्या. खंडोजीरावांनी विमान दक्षिणेकडे वळवून ढगात खाली घातले. सगळीकडे नुसते पांढरे. मग एकदम हिरवी शेते दिसली, मागे सुटलेला डोंगर दिसला आणि डाव्या हाताला विमानतळ!

औषध वेळेत पोचले. तिसऱ्या दिवशी तुळसीने स्वतः पेज मागितली. तिची आई अंबुबाई खंडोजीरावांपुढे हात जोडून नुसती रडली.

खंडोजीरावांनी मला विशालाक्षीबाईंना देऊन टाकले. "मिनिटं तुम्ही मोजलीत, आता हे तुमचं." पुढे वीस वर्षे मी दवाखान्यात रोग्यांच्या नाड्या मोजल्या. किती सुंदर वर्षे ती! पण बाई थकल्या, घरी बसल्या आणि मी एका पत्र्याच्या डब्यात पडलो. किल्ली नाही, तेल नाही. मी बंद पडलो. घरातले म्हणू लागले, "मोडलंय ते, टाकून द्या."

बाईंची भाची वेदवती मात्र मला घड्याळजी गंगाधररावांकडे घेऊन गेली. त्यांनी मला उघडून भिंगातून पाहिले आणि म्हणाले, "काही मोडलेलं नाही, अम्मा. कुणी हात लावला नाही, एवढंच." त्यांनी तेल घातले, किल्ली दिली आणि मी पुन्हा टिकटिक करू लागलो.

मित्रांनो, तुमच्या घरातही असे कुणी असेल. त्याला मोडलेले म्हणण्याआधी एकदा हात लावून पाहा.