वर बसणारी

निशा पलंगावर उताणी पडून श्वास धरून होती. तेवढ्यात आक्का बोंबील तसेच टाकून ओल्या हातांनी धावत आली आणि तिला गदागदा हलवायला लागली.

"सोड! सोड आधी!"

निशाला हसू फुटलं आणि धरलेला श्वास फुकट गेला.

"आक्का, जरा धीर धर ना."

"धीर धरते. तू श्वास नको धरू."

पोरीच्या डोक्यात हे खूळ तारकर्लीच्या सहलीत शिरलं होतं. सिलिंडर न लावता एका श्वासात समुद्रात खाली जायचं आणि तेवढ्याच श्वासात वर यायचं. त्याचा रीतसर कोर्स असतो, सर्टिफिकेटही मिळतं. निशा कामाला होती त्या काल्हेरच्या गोदामातून रजा मंजूर झाली होती. घोडं अडलं होतं ते आईपाशी, म्हणजे आक्कापाशी. तिचं मन मोडून समुद्र काय, डबकंही ओलांडायची निशाची तयारी नव्हती.

"शिकवनाऱ्याला बघितल्याबिगर न्हाय," आक्कानं ठणकावलं होतं.

म्हणून रविवारी दोन व्हिडिओ कॉल ठरले. आक्का ठेवणीतली साडी नेसली, पोह्यांवर खोबरं पेरलं आणि बशी मोबाइलसमोर मांडली.

"अगं, त्यांना फोनमधून खाता येत नाही!"

"दिसतं तर खरं. रिकामं टेबल दाखवू व्हय?"

पहिला कॉल गोव्याच्या दर्शनचा. हसरा, तरतरीत गडी. आक्कानं आधी गाव विचारलं, मग घरी कोण कोण ते विचारलं. त्यानं न कंटाळता सगळं सांगितलं. तीन दिवसांत वीस मीटर खोल, फोटो, व्हिडिओ, सगळं त्यातच.

"आणि भीती तर पहिल्याच दिवशी घालवतो, आंटी."

"आन् न्हाय गेली तर?"

"जाते हो. सगळ्यांची जाते."

फोन बंद झाल्यावर आक्का म्हणाली, "पोरगा झ्याक हाय. जावई म्हनून चालंल. पान्यात न्हाय चालायचा."

निशाचा चेहरा पडला. आता एकच कॉल उरला होता.

दुसरी मालवणची स्नेहा. केस विस्कटलेले, बोलणं मोजकं. पोह्यांकडे बघून मात्र ती हसली. मग निशाला म्हणाली, "भिंतीला टेकून बस आणि जमेल तेवढा श्वास धरून दाखव. त्रास झाला की सोड."

निशानं डोळे मिटले. पंखा तेवढा करकरत होता. जीव कासावीस झाला तशी तिनं तोंड उघडलं आणि शाबासकीच्या आशेनं पडद्याकडे बघितलं. स्नेहाचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच.

"काकू, तुम्हीपण सोडा आता."

आक्काचा चेहरा लालबुंद झाला होता. भसकन श्वास सुटला तशी ती पदर तोंडाला लावून लाजली.

"कधीपासून करता हे?"

"बारकी व्हते तवापासून. माझा बापूस खाडीत रेती काढायचा. बांबू धरून खाली जायचा, बालदी भरून वर यायचा. मी वर होरीत, आमच्या बारक्या होडीत बसायची. तो खाली गेला का मी पन श्वास धरायची. माझा संपायचा, तरी त्याचा पत्ता न्हाय."

"मग?"

"मग काय, डोळं गच्च मिटून रडायची. तो वर येऊन टपली मारायचा. रोज यायचा वर. तरी मी रोज रडायची."

निशा बघतच राहिली. आक्काला नुसती पाण्याची भीती वाटते, असंच तिला आजवर वाटत आलं होतं.

"माझ्याकडे पहिल्या दिवशी कुणी खोल जात नाही," स्नेहा म्हणाली. "एक जण खाली, एक जण वर. वरच्यानं डोळे उघडे ठेवायचे आणि आपला श्वास चालू ठेवायचा. दोघांनीही धरला तर ओढून काढणार कोण? हे ज्याला जमत नाही त्याला मी घरी पाठवते. मग ती निशा का असेना."

"खरंच पाठवशील?"

"पाठवीन, काकू."

आक्कानं पोह्यांची बशी फोनच्या आणखी जवळ सरकवली. "खा गं बाय."

फोन ठेवल्यावर निशाची विचारायची छाती होईना. आक्कानं साडीचा पदर खोचला, उशी नीट केली.

"पड."

"काय?"

"पड म्हंते ना. मालवनला जायच्या आधी नीट जमाया नको? धर श्वास."

निशानं श्वास धरला. आक्का उशाशी बसली आणि डोळे टक्क उघडे ठेवून, मोठ्यानं, श्वास घेत राहिली.