उरलेलं अर्धं

माझ्या सासूबाई इटलीतल्या करारा गावाहून बोटीने येऊन आमच्या घरी राहू लागल्या, ते १९३१ साल. व्हरमाँटमधल्या आमच्या गावात तेव्हा ग्रॅनाइट घडवण्याच्या डझनभर शेड होत्या. त्यातल्या एकीत मी आणि माझा मेहुणा, म्हणजे सासूबाईंचा मुलगा एत्तोरे, छिन्नी चालवत होतो. मला अक्षरओळख आदल्याच वर्षी झाली होती, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. शेजारच्या मॅक्रेबाई, मूळच्या स्कॉटलंडच्या, एका शाळामास्तरांच्या विधवा, दर रविवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात येऊन आम्हा दोघांना शिकवायच्या. एत्तोरे माझ्या पुष्कळ पुढे होता.

त्याला खोकला लागला होता. डॉक्टरांनी धूळ सोडायला सांगितली होती, आणि आमच्या शेडमध्ये धूळ नसलेली जागा एकच, घडवायच्या दगडांचे आराखडे काढतात ती नकाशांची खोली. तिथे एक खुर्ची रिकामी झाली होती. मुख्य नकाशेवाला, म्हातारा टॉरन्स, याने शनिवारी एत्तोरेची परीक्षा घेतली. चार प्रश्न बरोबर आले. पाचवा असा होता: क्षचा वर्ग अधिक यचा वर्ग बरोबर पंचवीस. य एकटा काढून क्षवरून सांग, आणि क्ष तीन असताना य किती ते लिही.

एत्तोरेने पंचवीसमधून क्षचा वर्ग वजा केला, उरलेल्याचं वर्गमूळ काढलं आणि उत्तर लिहिलं, चार. टॉरन्सने कागदावर पेन्सिलीने एकच शब्द लिहून तो परत दिला: ‘अर्धं’. सोमवारी सकाळी उरलेलं घेऊन ये, नाहीतर दुसऱ्याला बोलावतो, एवढंच म्हणाला.

एत्तोरे मात्र खुशीत घरी आला. उरलेलं अर्धं म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही कळेल असं त्याचं म्हणणं. कमानीसाठी पत्र्याचा साचा करतात तो अर्ध्याच कमानीचा. उजवी बाजू आखली की साचा उलटवायचा आणि डावी आखायची. म्हणजे क्ष उणे तीन घेतला तरी य चारच. मलाही ते पटलं.

रविवारी मॅक्रेबाईंनी कागद पाहिला आणि मान हलवली. “तू क्ष उलटवलास. त्याने यबद्दल विचारलंय.”

“बाई, पण य तर काढला ना. चार.”

“मग उणे चारचा वर्ग किती होतो?”

“तोही सोळाच,” एत्तोरे म्हणाला. “पण जमिनीखाली कमान कोण बांधतो?”

मला मात्र त्या समीकरणाचंच कुतूहल वाटायला लागलं होतं. य त्यात एकटा उभाच नव्हता, क्षच्या गळ्यात हात घालून बसला होता. वेगळा काढायला गेलं की एकाचे दोन कसे होतात? मी खडू आणला, पंचविसाचं वर्गमूळ पाच म्हणून फरशीवर खिळा धरून पाच विती दोरीने वर्तुळ मारलं, मध्यावरून एक आडवी रेघ ओढली. सासूबाई चुलीवर मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत होत्या. दोन बाप्ये सकाळी पुसलेल्या फरशीवर रांगतायत, आणि ही स्कॉटलंडची बाई त्यांना शाबासकी देतेय, असा शेरा त्यांनी मारला.

मध्यापासून तीन वितींवर मी उभी दोरी ताणून धरली. ती वर्तुळाला वर एकदा कापत होती, खाली एकदा. चार वर, चार खाली.

 मग एत्तोरे स्वतःच दोरी सरकवू लागला. चारवर पुन्हा दोन ठिकाणी. पाचवर वरचं आणि खालचं एकत्र आलं, दोरी कडेला नुसती टेकली. सहावर काहीच नाही.

“सहावर काय, बाई?” मी विचारलं.

“तिथे वर्तुळच नाही. वर्गमुळाच्या आत उणे संख्या येते, आणि तसला य फरशीवर सापडत नाही.”

“म्हणजे दगड किती मोठा, हे समीकरणाला ठाऊक असतं,” एत्तोरे म्हणाला.

सासूबाई म्हणाल्या, “ठाऊक असेल तर त्यालाच विचारा माझी फरशी कोण पुसणार ते.”

फरशी एत्तोरेने पुसली.

सोमवारी काय झालं ते त्याने मला दुपारच्या डब्याला सांगितलं. टॉरन्सने आधी विचारलं, य कमानीचा की हौदाचा? वर्तुळ तेच, पण कमानीला वरचं अर्धं लागतं आणि हौदाच्या पोटाला खालचं. एत्तोरेने उत्तर दिलं होतं: “ते समीकरण सांगत नाही, तुम्ही सांगायचं. मी दोन्ही लिहीन, आणि तुम्ही सांगेपर्यंत साचा कापणार नाही.” टॉरन्सने खुर्ची ओढून त्याच्यापुढे केली.

त्या खुर्चीवर तो जवळजवळ आठ वर्षं बसला. पण आधी छातीत गेलेली धूळ छातीतच राहिली होती. सासूबाई १९३७च्या नोव्हेंबरात गेल्या. एत्तोरे ३ मार्च १९३९ रोजी, शुक्रवारी सकाळी वारला. तेव्हा तो शेचाळीस वर्षांचा होता.