अर्धा सेकंद आधी

अशी कल्पना करा, की तुमच्या हातात कॅमेरा आहे. समोर खाडीतल्या खांबावर निळा खंड्या बसलाय. मासा दिसला की तो पाण्यात सूर मारणार आणि तुम्हाला नेमका तो सूर टिपायचाय. बटण कधी दाबाल? सूर मारल्यावर? मग तुमचंही रुचिकासारखंच होईल.

आगरदांड्याच्या जेट्टीवर बसून रुचिकाने सकाळपासून चाळीस फोटो काढले. चाळीसही फोटोंत रिकामा खांब. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी तिचा खंड्यावरचा लेख लिहून तयार होता. अडलं होतं ते फोटोपाशी. कॅमेरा परेशमामाचा, आणि मामा दुपारच्या एसटीने पनवेलला परत निघणार होता.

"पुढचं मॉडेल येऊ दे," मामा म्हणाला. "त्यात म्हणे बटण दाबायच्या आधीचा अर्धा सेकंदही मिळणार. तू उशीर केलास तरी सूर सापडलाच."

"पण मी दाबणार हे त्याला आधी कसं कळतं?"

"कळतंय कुठलं! तो सारखा टिपत राहतो आणि जुनं टाकत राहतो. तू दाबलंस की शेवटचं तेवढं ठेवून घेतो."

"कधी येणार?"

"दिवाळीला म्हणतात. गेल्या दिवाळीलाही म्हणत होते."

शेजारी कोळंबी निवडत बसलेली मनुबाई हसली. "तवर खंड्याला काय उपाशी बसवतोस व्हय रे?"

रुचिका मात्र हसली नाही. सारखा बघत राहतो, एवढंच तर करतो तो नवा कॅमेरा. आणि आपण? प्रत्येक वेळी मान खाली घालून काढलेला फोटो तपासत बसतो. तिने कॅमेरा मांडीवर ठेवला आणि ती नुसती बघायला लागली.

पहिल्या सुराच्या वेळी तिला काहीच कळलं नाही. दुसऱ्या वेळी वाटलं, खंड्याने मान हलवली. तिसऱ्या वेळी खात्री झाली. आधी तो मान खालीवर करतो, मग अंग आवळतो आणि मग सुटतो.

"चल गं, गाडी चुकेल माझी."

"मामा, दोनच मिनिटं."

खंड्याने मान हलवली. तिने बटण दाबलं. खंड्या जागचा हलला नाही.

"फसवलंन तुला," मनुबाई म्हणाली.

पुन्हा मान हलली. रुचिका थांबली. अंग आवळलं गेलं, तसं तिने बटण दाबलं.

मामाने फोटो मोठा करून पाहिला. खांबावरून सुटलेला खंड्या, पंख अंगाला चिकटलेले, चोच थेट पाण्याकडे.

"शेपूट कापलीस," तो म्हणाला आणि बराच वेळ फोटो बघत राहिला. "घरी पोचलो की आधी हाच पाठवतो."

मामाला एसटीत बसवून रुचिका जेट्टीवर परत आली. हात रिकामे होते. पलीकडच्या चिखलात एक बगळा उभा होता. उडण्याआधी हा काय करतो, ते बघायला ती मनुबाईशेजारी मांडी घालून बसली.