माझ्या नळ्यांतला वायू

मी एक जुना फ्रिज आहे. मित्रांनो, तुमच्याबद्दल मला फारसे प्रेम उरलेले नाही. का, ते ऐका.

कारखान्यात माझ्या नळ्यांत एक वायू भरला. त्याला वास नाही, रंग नाही, तो पेटत नाही. सगळे त्याच्यावर खूश होते. तो मोकळा सुटला तर जातो कुठे, हे कोणी विचारले नाही. तो काही वर्षांत वर चढतो, ओझोनच्या थरापर्यंत. हा थर सूर्याचे जहाल किरण अडवतो, म्हणून तुमची कातडी आणि डोळे शाबूत आहेत. तिथे उन्हाने माझा वायू फुटतो, त्यातून क्लोरीन सुटतो आणि त्याचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो.

मालकीणबाईंनी एकदा घाईत सुरीने बर्फ खरवडला आणि माझी नळी फोडली. फुस्स करून सगळा वायू खिडकीबाहेर गेला. "हवाच ती," म्हणत मेकॅनिकने नवा भरला. खरे काय ते कळल्यावर बाईंनी ती सुरी फेकून दिली. शेवटच्या दुखण्यात त्यांची औषधे माझ्याच दारात असत. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हा फ्रिज भंगारात जाईल तेव्हा वायू बाटलीत भरून घ्यायला लावा. माझ्या हातून एकदा झालं, तेवढं पुरे."

आज तोच मेकॅनिक आला. मला भिंतीपासून ओढून त्याने खिशातून कटर काढला.

"वायू ओढून बाटलीत भरायचं मशीन कुठंय?" मालकांनी विचारले.

"काका, भंगाराला कसलं मशीन? नळी कापली की पाच मिनिटांत काम."

"फोनवर हो म्हणालास."

"दुकानात आहे. जड आहे हो ते."

"मग उचलून आण."

"एवढ्याशा वायूनं आभाळ फाटणार आहे का?"

"आजवर किती घरांत हेच बोललास?"

तो कटर घेऊन माझ्या मागे वळला. मालकांनी खुर्ची ओढली आणि माझ्या नळ्यांना पाठ लावून बसले.

"उठा की, काका."

"तिला शब्द दिलाय. मशीन आण, मग उठतो."

मेकॅनिक पुटपुटत जिना उतरला.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. माझ्यासारखा दुसरा घराबाहेर काढाल, तेव्हा आधी मशीन आले का ते बघा.

जिन्यावर काहीतरी जड आपटत वर येते आहे. मालक अजून उठलेले नाहीत.