किंमत आडव्या अक्षावर

"चुकलं," गिदोन सर म्हणाले. "कारण आडव्या अक्षावर, परिणाम उभ्यावर. किंमत बदलली की मागणी बदलते. मग कारण कोन? किंमत. ती आडवी घे."

"पन पप्पा, कॉलेजात मॅडम किंमत उभी घेतात. पुस्तकात बी तसंच हाय."

"मॅडमनी कधी गणित शिकवलंय का?"

दयाने मुकाट्याने आकृती खोडली. राहुरीच्या हायस्कुलात सरांनी जन्मभर गणित शिकवलं होतं. गणितावर आणि देवावर त्यांचा सारखाच विश्वास, आणि दोन्हींबाबत त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. तसं घरात आता उरलं होतं तरी कोण? आई गेलेली, दया संसार मोडून माहेरी आलेली. त्यात सरांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांनी बोलणंच टाकलं. दयाने अर्धवट सुटलेलं बी. ए.चं अर्थशास्त्र पुन्हा हाती घेतलं, तेव्हा एकदा तिने त्यांना सहज एक उदाहरण विचारलं. दुसऱ्या दिवशी सर दाढी करून खुर्चीत वाट बघत बसलेले. अशा माणसाला चूक ठरवायचं तिच्या जिवावर आलं. घरी त्यांच्या रीतीने काढायचं आणि परीक्षेत पुस्तकाच्या, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

अर्थशास्त्रातल्या गणिताचा हा एकच पेपर राहिला होता. तो सुटला की पदवी, आणि पदवी हातात असली तर मुलींच्या वसतिगृहातल्या निवृत्त होणाऱ्या रेक्टर मोनिकाबाईंची जागा जूनपासून तिची. वसतिगृहाच्या संस्थेने तसं स्पष्ट सांगितलं होतं.

पेपर देऊन दया परतली तेव्हा सर काठी टेकत फाटकापर्यंत आले होते.

"कसा गेला?"

"लई सोपा. सगळं तुमी शिकवलेलंच आलं."

"किंमत कुठं घेतली?"

"आडवी," दया म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. परीक्षेतही रोजच्या सवयीने हात तसाच गेला होता. आकृती उलटी, उतार उलटा, त्यावरून काढलेलं सगळंच उलटं.

"शाब्बास!" सर म्हणाले. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

निकाल मोबाईलवर आला. नापास. वसतिगृहातली जागा कोपरगावच्या एका मुलीला मिळाली.

"माझ्या हाताखालचं पोरगं असं कधी आपटलं न्हाई," सर तिच्यावरच डाफरले. "काय दिवे लावलेस? पुस्तक आण बघू."

दया जागची हलली नाही. शेवटी सर स्वतःच उठले, पाय ओढत कपाटाशी गेले आणि भिंग लावून पानं चाळू लागले. पहिल्या आकृतीत किंमत उभी. पुढच्यातही उभी. शेवटच्या पानापर्यंत उभीच.

"हे लोक असंच काढतात?"

"व्हय. पयल्यापासून तशी रीतच हाय त्यांची."

"आणि तू बोलली न्हाईस."

"एकदा बोलले हुते, पप्पा."

सरांनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "माझ्या वर्गात अशी किती पोरं गप बसली असतील गं?"

"कुनीच न्हाई, पप्पा," दया घाईघाईने म्हणाली.

सरांनी मान हलवली. त्यांना ते खरं वाटलेलं नाही, हे तिला दिसत होतं.